कमी बोलणारी पँट

अमेरिकन लष्कराच्या कागदोपत्री तिचं नाव अगदीच रुक्ष आहे : पुरुषांची पँट, सुती सटीन, ओजी-१०७. ओजी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन आणि १०७ हा त्या छटेचा क्रमांक. १९५२ साली, कोरियातलं युद्ध चालू असताना ही पँट वापरात आली आणि व्हिएतनाम युद्धाची सगळी वर्षं ओलांडून पुढेही टिकली. संचलनाला, समारंभाला सैनिकाकडे निराळा पोशाख असे. ही पँट पडेल त्या कामाची. खंदक खणा, भांडी घासा, ट्रकखाली शिरून नटबोल्ट आवळा. आज मॉलमध्ये 'मिलिटरी ग्रीन' म्हणून आणि साध्या दुकानात 'मेंदी कलर' म्हणून जी सरळ पायांची पँट मिळते, तिचा वंश बराचसा इथून सुरू होतो.

जीन्सऐवजी रोज काय घालावं असं कुणी विचारलं, की हल्ली हिचं नाव पटकन पुढे येतं. कारणही एकच दिलं जातं : कशावरही जाते. जाते, यात वाद नाही. पण एखाद्या चांगल्या ओळीचं कौतुक 'छान आहे' म्हणून आटोपलं तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार? ती रचली कशी आहे, ते बघायला हवं.

खिशांपासून सुरुवात करू, कारण या पँटचा स्वभाव खिशांत आहे. जीन्सचे पुढचे खिसे आत दडलेले असतात. बाहेर दिसते ती त्यांच्या तोंडाची वळणदार कड, त्यातच बसवलेला घड्याळाचा छोटा खिसा आणि कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिव्हेट. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस नावाचा शिंपी यांनी १८७३ साली पेटंट घेतलं ते या रिव्हेटचंच. जिथे ताण पडतो तिथे धातू ठोकायचा, हा त्यांचा उपाय. ओजी-१०७ धातूच्या वाटेला जात नाही. तिचे पुढचे दोन मोठे खिसे म्हणजे वरून लावलेले कापडाचे तुकडे. टिपा उघड्या, कोपरे उघडे, खिसा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते रस्त्यापलीकडूनही कळावं. मागे आणखी दोन, बटणाच्या झाकणाचे. संपलं. नक्षीची टीप नाही, कातड्याचा बिल्ला नाही. प्रचंड संख्येनं शिवायचा कपडा होता, तेव्हा शिवणकाम जितकं कमी तितकं बरं, एवढाच हिशेब त्यामागे असणार. पण त्या हिशेबातून एक स्पष्टपणा आला. मांडीच्या सपाट कापडावर ते दोन चौकोन उमटून दिसतात आणि नजरेला तेवढंच काम पुरतं. शिवाय तळाची टीप उसवली तर बाहेरूनच सुई-दोरा घालता येतो. आतल्या पिशवीचा खिसा फाटला की सुट्टे पैसे थेट बुटात जातात, हे कुणाला सांगायला नको.

मांडीवरचे कार्गो खिसे हे वेगळं घराणं. ब्रिटिशांच्या १९३० च्या दशकाअखेरच्या बॅटलड्रेसमध्ये मांडीवर एक मोठा खिसा आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन छत्रीधारी सैनिकांच्या दोन्ही मांड्यांवर खिसे आले. त्यांना सबळ कारण होतं. विमानातून उडी मारणाऱ्याला खाणं आणि दारूगोळा अंगावरच न्यावा लागे. लोकलच्या दारात लटकणाऱ्याकडे ते कारण नसतं. रोज घालायची तर खिसे चारच असावेत, या मतावरून मी हलणार नाही.

आता कापड. जीन्सच्या डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा. त्यातही निळीचा रंग धाग्याच्या पृष्ठभागावर बसतो, गाभा पांढराच राहतो. म्हणून जिथे घासलं जातं तिथे पांढरं उघडं पडतं : पाकिटाचा चौकोन, मांडीवरच्या मिशा, गुडघ्यामागच्या आडव्या रेषा. जीन्स सतत मालकाविषयी बोलत असते. तो कसा बसतो, काय बाळगतो, किती वर्षं एकच पँट वापरतो. लोक जीन्सच्या प्रेमात पडतात ते या बोलकेपणामुळे, आणि कंपन्या तो बोलकेपणा कारखान्यातच घासून, फाडून विकतात तेही त्याचमुळे.

सटीनची वीण निराळी. तिच्यात एक धागा एका वेळी अनेक धाग्यांवरून तरंगत जातो. त्यामुळे पृष्ठभाग नितळ होतो, उजेडात किंचित झळाळतो. रंग धाग्याच्या वरच्या थरात अडकलेला नसल्यानं आतून पांढरं डोकावत नाही. पँट विटते, पण सगळीच विटते. शेवाळी रंग हळूहळू राखाडीकडे सरकतो, शिवणींच्या कडा थोड्या आधी फिकट होतात. कुणाचा गुडघा, कुणाचं पाकीट याची ती वाच्यता करत नाही. जपानमध्ये या पँटवर जीव टाकणारे बरेच आहेत. ते तिला 'बेकर पँट' म्हणतात आणि काही जण तर सटीनची उलटी बाजू बाहेर घेऊन शिवतात, म्हणजे ती मंद झळाळीही नको. मला स्वतःला सुलट बाजू आवडते. त्या झळाळीमुळेच तिच्यावर सुती, खडबडीत कपडा खुलतो.

वजनाचाही प्रश्न आहे आणि आपल्याकडे तो महत्त्वाचा. मूळ सटीन चौरस यार्डाला ८.५ औंसाचं, तर नेहमीची दणकट जीन्स १२ ते १४ औंसांची. जुलै महिन्यात पुण्यात किंवा रत्नागिरीत ज्यानं पंख्याखाली जीन्स वाळत घातली आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ उलगडून सांगायची गरज नाही.

खरी श्रीमंती मात्र रंगात आहे. पिवळ्यात काळा मिसळत गेलं की हा हिरवा तयार होतो. रंगपेटी असेल त्यानं करून बघावं. म्हणजे नाव हिरव्याचं असलं, तरी या रंगाचा ओढा पिवळ्याकडे आणि तपकिरीकडे, मातीकडे आणि वाळत चाललेल्या गवताकडे. पोपटी किंवा बाटली-हिरवा रंग अंगावर घातला की तो आधी दिसतो, माणूस नंतर. शेवाळी रंग मागे सरतो. सैन्याला तो हवा होता तो झाडीत मागे सरण्यासाठी. शहरात त्याच गुणाचा फायदा वरच्या कपड्याला होतो. भाकरीबरोबर जसं पिठलंही चालतं आणि मटणाचा रस्साही, तसं याचं आहे.

तरी 'कशावरही' या शब्दाला जरा आवर घालायला हवा. सगळ्यात सुरेख जातो तो मोतिया किंवा मळकट पांढरा. खादीचा ढगळ कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली कोल्हापुरी. शुभ्र पांढराही चालतो, पण तो जरा कडक होतो. निळ्याची तर गंमतच आहे. जीन्सवर निळा शर्ट घालताना छटा जुळते की भांडते याची धास्ती असते. या पँटवर आकाशी, गडद, विटलेला, कुठलाही निळा बिनधास्त घालावा. तुमच्या जुन्या डेनिम शर्टाला खरी जोडीदारीण इथे मिळते. मग येतात आपल्याकडचे पिकलेले रंग : विटकरी, आमसुली, डाळिंबी, हळदी. डाळिंबी खणाचा आखूड टॉप, खाली ही पँट, कानात ऑक्सिडाइज्ड झुमके. इथे खणाचा काठ जितका उठून दिसतो, तितका निळ्या जीन्सवर दिसत नाही. जीन्सचा निळा स्वतःच लक्ष मागतो. अबोली रंगाचा सुती शर्ट पुरुषांनी एकदा तरी घालून बघावा. दुकानात हात पुढे होणार नाही, पण या पँटवर तो लाजरा राहत नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. परदेशी मासिकांतले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत, कारण आपल्या रस्त्यावर खाकी आणि तिच्या आसपासचे रंग अजून कामावर आहेत. पोलीस, वनरक्षक, सोसायटीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक, एनसीसीची पोरं. शेवाळी पँटवर खाकी शर्ट खोचून, काळा पट्टा आणि काळे बूट घातले, तर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी कुठे लावू म्हणून विचारणार. यात त्या कामाची हेटाळणी नाही. गणवेश हा गणवेशच दिसतो, एवढंच. तेव्हा वरचा आणि खालचा कपडा एकाच कुळातला नको, शर्ट खोचलेला नको, पायात काळ्याऐवजी तपकिरी कातडं किंवा पांढरे कॅनव्हासचे बूट. काळा टी-शर्ट अनेकांना सोपा वाटतो. पण घट्ट काळा टी-शर्ट आणि ही पँट मिळून बाउन्सर तयार होतो. काळा हवाच असेल, तर सैल आणि धुऊन विटलेला.

सैनिकाचा कपडा साध्या माणसानं मिरवावा का, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे तर नाहीच. लष्करातली माणसं आपल्या हिरव्या पोशाखाला नुसतं 'ओजी' म्हणतात. सातारा जिल्ह्यातलं एक गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. सैनिकांच्या घरांत हा रंग फॅशनच्या दुकानातून आलेला नसतो. अमेरिकेतला या पँटचा इतिहासही सरळ नाही. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक याच हिरव्या कपड्यांत वॉशिंग्टनला जमले आणि त्यांनी आपली पदकं संसदेच्या पायऱ्यांकडे भिरकावली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन लेनन गायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगात याच जातकुळीचा हिरवा लष्करी शर्ट होता, छातीवर राइनहार्ट हे कुणा सैनिकाचं आडनाव तसंच ठेवलेलं. युद्ध लढणारे आणि युद्धाला विरोध करणारे एकाच कपड्यात होते, आणि विरोध करणाऱ्यांतले कित्येक आधी लढून आलेले होते. हे कळल्यावर ही पँट घालताना शौर्याचा आव आणावासा वाटत नाही, आणि अपराधी वाटण्याचंही कारण उरत नाही. काम करणाऱ्याचा कपडा म्हणून ती घालावी.

म्हणूनच चट्ट्यापट्ट्यांच्या कॅमोफ्लाज छपाईपासून मी लांब राहतो. भारतीय लष्करानं जानेवारी २०२२ मध्ये नवं लढाऊ नक्षीचं कापड संचलनात दाखवलं. ते सैनिकाच्या ओळखीचा भाग आहे आणि त्याची हुबेहूब नक्कल करून भाजीला जाण्यात काही अर्थ नाही. रसिकतेच्या बाजूनं पाहिलं तरी साध्या रंगाचा सगळा गुण त्या छपाईत बुडतो. जंगलात लपवणारे ते चट्टे हमरस्त्यावर ओरडतात.

उरला घेर आणि उंची. मूळ पँट कंबरेवर उंच बसे आणि पाय सरळ, मोकळा असे. खाली कुणाला लांब आतले पायजमे घालायचे असतील तर जागा हवी. तो मोकळेपणा राखावा. अंगाला चिकटणारी, लायक्रा मिसळलेली शेवाळी पँट विकत घेण्यापेक्षा जीन्सच बरी, कारण मग वरून लावलेले खिसे ताणले जातात, त्यांची तोंडं उघडी पडतात आणि मांडीवरचे ते स्वच्छ चौकोन वेडेवाकडे होतात. उंची घोट्याच्या हाडापर्यंत. लांब झाली तर एक घडी बाहेर दुमडावी, दोन नकोत. दुकानात मनासारखी मिळाली नाही तर शिंप्याकडे जावं, पण त्याला आधी नीट समजवावं लागेल. खिसे बाहेरून लावा म्हटलं की तो हमखास विचारतो, "शाळेच्या पोराला शिवायची का?" मग पुढे प्लेट किती घालू, मोहरी किती ठेवू, खाली कॅनव्हास लावू का. प्लेट नको, मोहरी साडेआठ इंच, कॅनव्हास नको, आणि दोरा कापडाच्याच रंगाचा, असं कागदावर लिहून द्यावं. नाहीतर तो हौसेनं पिवळ्या दोऱ्याची दुहेरी टीप घालून जीन्सच शिवून देईल.