निकाल लागल्यानंतर

पावण्यात पावणा म्हणून बोलावलंत, त्यामुळे खरं तर गोड बोलून जायला हवं. पण विषयच असा दिलाय की गोड बोलणं जमणार नाही. काही जण पहिली पाळी संपवून थेट इथे आलेत, पलीकडे कारखान्यांचे भोंगे वाजतायत, तेव्हा पाल्हाळ न लावता सुरू करतो.

एका शब्दापासून सुरुवात करू. निकाल. मराठीत निवडणुकीचा निकाल लागतो, कोर्टाचाही निकाल लागतो, आणि एखाद्याचा ‘निकाल लावला’ म्हणजे त्याला संपवलं. प्रकरण ‘निकालात काढलं’ म्हणजे त्याची वासलात लावली. गेल्या पाच-सहा वर्षांत महाराष्ट्रात हे सगळे अर्थ एकमेकांत मिसळले. मतदारांनी पहिल्या अर्थानं निकाल दिला, मग विधानसभेत आणि कोर्टात दुसऱ्या अर्थाचे निकाल लागत राहिले, आणि या सगळ्यात पहिल्याचा तिसऱ्या अर्थानं निकाल लागला. तो कसा लागला, एवढंच आज मला तपासायचं आहे.

मुंबईच्या आधी आपल्या नवी मुंबईचं बघू. 2015 च्या महापालिका निवडणुकीत 111 जागांपैकी राष्ट्रवादीला 52, शिवसेनेला 38, काँग्रेसला 10 आणि भाजपला 6 मिळाल्या. बाकी अपक्ष. राष्ट्रवादीनं काँग्रेसला सोबत घेऊन सत्ता चालवली. सप्टेंबर 2019 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, गणेश नाईक भाजपमध्ये गेले आणि त्यांच्या पाठोपाठ राष्ट्रवादीचे बहुतेक नगरसेवकही गेले. 52 चे दोन तृतीयांश म्हणजे 35. गेले त्याहून बरेच जास्त. ज्या पक्षाचे या शहरानं सहा नगरसेवक निवडून दिले होते, त्याच्याकडे महापालिका आली. मधे एकही मत पडलं नाही. कुणी रस्त्यावर उतरलं का? नाही. आपण म्हणालो, ‘दादा गेले, म्हणजे सगळे जाणारच.’ म्हणजे आपणही मनातल्या मनात मान्य केलं होतं की मत पक्षाला नव्हतंच, दादांना होतं. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण मग मतपत्रिकेवर घड्याळ कशाला छापलं होतं?

जून 2022 मध्ये मुंबईत जे घडलं, त्याची तालीम इथे आधीच झाली होती, असं मला वाटतं. फरक एवढाच की इथे विमानं लागली नाहीत. (हशा)

आता आपली भाषा बघा. आमदार ‘फुटले’. आमदार ‘फोडले’. आमदार ‘गळाला लागले’. पावण्यात गळ म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही, खाडी तुमच्या उशाशी आहे. गळाला लागतो तो मासा. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू का आलास. वर्तमानपत्रातली ही क्रियापदं आमदाराला कर्त्याच्या जागेवरून उचलून कर्माच्या जागी ठेवतात. जो निर्णय घेतो त्याच्यावरच काहीतरी घडलं, असं वाक्य तयार होतं. फोडणाऱ्याचं कौतुक, त्याला ‘चाणक्य’ म्हणायचं, आणि फुटणाऱ्याला जबाबदारीतून मोकळं करायचं. सुरतेचा पाहुणचार, गुवाहाटीचं हॉटेल, खोल्यांचं भाडं, हे सगळं आपण तासनतास बघितलं. पण त्यातल्या एकाही आमदाराला त्याच्या मतदारसंघातल्या माणसानं विचारलेला प्रश्न टीव्हीवर ऐकल्याचं मला आठवत नाही.

कायद्याकडे येऊ. 1967 मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदारानं एवढ्या भराभर पक्ष बदलले की ‘आयाराम गयाराम’ हा शब्दच जन्माला आला. 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं. पक्ष सोडला किंवा व्हिप मोडला तर सदस्यत्व जाईल. पण एक तृतीयांश लोक बाहेर पडले तर ती ‘फूट’, आणि ती चालेल! 2003 च्या 91 व्या दुरुस्तीनं ही पळवाट बुजवली. राहिलं ते विलीनीकरण, दोन तृतीयांशांचं. म्हणजे कायद्याची बुद्धी बघा. एकट्यानं पक्ष सोडला तर गुन्हा, छत्तीस जणांनी मिळून सोडला तर धोरण. गावात एकानं कोंबडी चोरली तर चोर म्हणायचं आणि सगळ्या आळीनं चोरली तर सहभोजन. परिणाम असा की पक्ष सोडणारा आता एकटा विचारच करत नाही, तो आधी मोजणी करतो. कायद्यानं पक्षांतर थांबवलं नाही, त्याचं घाऊक दुकान काढलं.

2022 मध्ये तर त्याही पुढची पायरी आली. शिंदे गट कुठल्याही पक्षात विलीन झाला नाही. ते म्हणाले, आम्ही गेलोच नाही, आम्हीच पक्ष आहोत. 29 जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, 30 जूनला शिंदेंचा शपथविधी झाला, 4 जुलैला विश्वासदर्शक ठरावावर 164 विरुद्ध 99. मग प्रश्न उरला तो एकच, पक्ष म्हणजे कोण?

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 11 मे 2023 ला जो निकाल दिला, तो मी अनेकदा वाचला आहे. त्याचं पहिलं वाचन समाधान देतं. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. व्हिप नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. आणि खरा पक्ष कोणता हे ठरवताना अध्यक्षांनी निव्वळ विधानसभेतल्या बहुमताकडे आंधळेपणानं बघू नये. छान. दुसऱ्या वाचनात कळतं की चूक दाखवली, पण दुरुस्त केली नाही. ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून त्यांना परत आणता येत नाही. आणि अपात्रतेचं प्रकरण पुन्हा अध्यक्षांकडे.

त्या अध्यक्षांचा, राहुल नार्वेकरांचा, 10 जानेवारी 2024 चा निर्णय मात्र मन लावून वाचावा. लोक त्यावर नुसते संतापतात किंवा टाळ्या वाजवतात, वाचत नाहीत. त्याची बांधणी कुशल आहे, हे मान्य करायला हवं. पक्ष ठरवायच्या तीन कसोट्या घेतल्या: पक्षाची घटना, नेतृत्वाची रचना आणि विधिमंडळातलं बहुमत. पहिलीत सांगितलं की 2018 ची दुरुस्त घटना निवडणूक आयोगाच्या दप्तरी नाही, तेव्हा 1999 ची धरायची. दुसरीत, 2018 ची नेतृत्वरचना 1999 च्या घटनेशी जुळत नाही, तेव्हा तीही आधार म्हणून चालत नाही. पक्षप्रमुखाची इच्छा म्हणजे पक्षाची इच्छा नव्हे. राहिली तिसरी. 55 पैकी 37 आमदार शिंदेंकडे. म्हणून 21 जून 2022 ला, दोन गट पडले त्या दिवशी, खरी शिवसेना शिंदेंची.

लक्षात आलं ना? कोर्टानं ज्या दारातून जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तिथेच पोहोचायचं, फक्त आधी बाकीची दोन दारं एकेक करून लावून घ्यायची. शब्दाला शब्द मोडलेला नाही. अर्थ मात्र उरला नाही. खरा पक्ष शिंदेंचा, म्हणून गोगावले यांची नेमणूकही वैध ठरली. इतकं सगळं झाल्यावर शेवटी अपात्र कोण? कुणीच नाही. शिंदेंचे आमदार खरे पक्षवाले, म्हणून पात्र. ठाकरेंच्या आमदारांनी त्या खऱ्या पक्षाचा व्हिप मानला नाही, पण तो त्यांच्यापर्यंत नीट पोहोचल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून तेही पात्र. पुढच्याच महिन्यात, 15 फेब्रुवारीला, राष्ट्रवादीचा निर्णय आला. 53 पैकी 41 आमदार अजित पवारांकडे, तेव्हा पक्षही त्यांचा. साचा तोच.

यात एक गोष्ट खरी आहे आणि ती टाळून मला पुढे जायचं नाही. आपल्या पक्षांच्या घटना खरोखरच कपाटात पडलेल्या असतात. अंतर्गत निवडणुका कागदावर होतात. ठाकरेंच्या शिवसेनेत सगळं एका माणसापाशी होतं, हे त्यांचे समर्थकही अभिमानानंच सांगायचे. अध्यक्षांनी नेमकं त्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. पण पक्षात लोकशाही नाही, म्हणून पक्ष आमदारांचा, हे कुठलं तर्कशास्त्र? पक्षाचा सामान्य सभासद आणि पक्षाचं चिन्ह बघून बटण दाबणारा मतदार, हे दोघे त्या निर्णयाच्या कसोट्यांत कुठेच नाहीत.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की जनतेनं 2024 मध्ये निकाल दिलाच की. शिंदेंच्या शिवसेनेला 57, ठाकरेंना 20. अजित पवारांना 41, शरद पवारांना 10. भाजपला 132. झाला ना शिक्कामोर्तब? हा आक्षेप मी हलका मानत नाही. लोकांनी ज्यांना निवडलं त्यांना निवडलं, त्यात खोट काढायची माझी पद्धत नाही. पण 2024 च्या मतदारानं 2024 च्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तोवर धनुष्यबाण आणि घड्याळ कुणाच्या हातात द्यायचं हे आयोगानं ठरवून टाकलं होतं, सरकारी तिजोरी अडीच वर्षं कुणाच्या हातात होती हेही उघड आहे. 2019 मध्ये ज्यानं मत दिलं त्याचं काय झालं, याचं उत्तर 2024 च्या मतपेटीतून येत नाही. आणि न्यायाची गोष्ट बोलायची तर 2019 च्या मतदाराला पहिला दगा 2022 मध्ये झाला असंही नाही. युती म्हणून लढलेले भाजपचे 105 आणि सेनेचे 56 निकालानंतर महिनाभरात वेगळे झाले, 23 नोव्हेंबरला पहाटेचा तो शपथविधी झाला, 28 ला तिसरंच सरकार आलं. कुठल्याही बाजूनं हात धुवून बसू नये. अध्यक्षांच्या निर्णयाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात लांबत गेली, आणि ज्या विधानसभेच्या सदस्यत्वाबद्दल हा वाद होता ती विधानसभाच मुदत संपून गेली. यालाच मी निकालात काढणं म्हणतो.

हे सगळं वर चाललं होतं तेव्हा खाली, आपल्याकडे, काय होतं? नवी मुंबई महापालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली. आधी कोरोना. मग ओबीसी आरक्षणाचा वाद. पण त्याच्याच जोडीला प्रभागरचनेचा खेळ. महाविकास आघाडीनं मुंबईचे वॉर्ड 227 चे 236 केले, शिंदे सरकारनं ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा 227. प्रत्येक सरकारनं आधीच्याची रेघ पुसली, प्रत्येक रेघेवर कोर्टात याचिका. वरच्या खुर्चीची मारामारी सरळ आपल्या गटारापर्यंत आली, ती अशी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं.

मधल्या काळात प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून आपणच तो मंजूर करायचा. स्थायी समिती तेच, महासभा तेच. 2021 पासून 2025 पर्यंतचे पाच अर्थसंकल्प असे मंजूर झाले, एकाही नगरसेवकानं हरकत न घेता. कारण नगरसेवकच नव्हता. गावठाणातल्या घरांचा प्रश्न, कारखान्यांचा रात्रीचा वास, याबद्दल तुम्ही कुणाच्या दारात गेलात? माजी नगरसेवकाच्या. त्यांच्या पाट्यांवरचं ‘माजी’ हे अक्षर मात्र फार बारीक असायचं. (हशा)

आणि निवडणूक आली ती चार सदस्यांच्या प्रभागाची. 2015 ला एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता. रस्ता खचला की कुणाला फोन करायचा हे ठाऊक होतं. आता 28 प्रभाग, 111 सदस्य, चारांपैकी कोण उत्तर देणार? भाजपनं इथे एकट्यानं बहुमत मिळवलं, तेही राज्यात मित्र असलेल्या शिंदेंच्या सेनेशी लढून. त्यामुळे आपल्याकडे मोजणीनंतरचं नाटक फारसं रंगलं नाही. अंबरनाथमध्ये रंगलं. तिथे शिंदेंची सेना सर्वात मोठा पक्ष, तर भाजपनं चक्क काँग्रेसच्या नगरसेवकांना घेऊन आघाडी केली. काँग्रेसनं आपल्या 12 जणांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्ये दाखल झाले. काँग्रेसच्या पंजाला मत देऊन अजून महिनाही उलटला नव्हता.

एक व्यवहारातली गोष्ट सांगून थांबतो. निवडून आलेल्या पक्षाचे नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी करतात. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, सगळीकडचे त्यासाठी येतात ते बेलापूरच्या कोकण भवनात, इथून बसनं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. पक्षांतरबंदीचा विषय निघाला की त्या यादीला महत्त्व येतं: गट कोणता, गटनेता कोण, सह्या कुणाच्या. जानेवारीत मुंबईचे नगरसेवक हॉटेलात ठेवले होते ते त्या सह्या होईपर्यंतच्याच काळजीनं. आपण मतमोजणीच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसतो. कोकण भवनातला तो कागद मात्र बघायला कुणी जात नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तुमच्या प्रभागातल्या चौघांनी कोणत्या गटात सही केली आहे, ते मागवून बघा. कागद आला की मला पुन्हा बोलवा, तो आपण मिळून वाचू.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताई मघापासून हात वर करतायत, आधी त्यांना माइक द्या.