डोळे मिटून ऐकायची गाणी

पुण्याच्या ‘ईझी वाँडरलिंग्ज’ या वाद्यवृंदाचा ‘अ‍ॅज रिटन इन द स्टार्स’ हा गीतसंग्रह २०१७ साली निघाला. खोडाळ्यात तो माझ्या कानी पडला फार उशिरा, एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवरून. गाणी इंग्रजी, आणि माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेव्हा शब्दांविषयी न बोललेले बरे. परंतु धुक्यासारखी पसरत जाणारी ती गिटार, मधूनच येणारी बासरी आणि सन्यंथ नारोथ व प्रतिका गोपीनाथ यांचे हलके आवाज यांनी मला अर्धी रात्र जागवले, हे कबूल केले पाहिजे.

माझी तक्रार निराळीच आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या पाड्यांवर तारपा घुमतो. भोपळ्याच्या त्या वाद्याचा सूरही स्वप्नाळूच. पण वादक वळला की नाचणारी सारी साखळी वळते, पाय जमिनीवर पडतात. या गाण्यांत पाय जमिनीला लागतच नाहीत. गोडव्यामागून गोडवा, कुठे खरखर नाही की ठेच नाही. बासरी तेवढी जिवंत वाटते.

विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, एस. टी.त डोळे मिटून ऐकायला बरं वाटतं.” दिवाळी सरली की तो भिवंडीकडे कामाला जातो. त्याच्यापुढे माझी तक्रार मी पुरती मांडली नाही.