खेळण्यातले गाव : एका फसव्या धूसरतेविषयी

अजिंक्यताऱ्यावरून पाहिले की पायथ्याशी सातारा पसरलेले दिसते. या दृश्याच्या छायाचित्रात मधला आडवा पट्टा ठळक ठेवून वरचा व खालचा भाग धूसर केला, तर घरे पुठ्ठ्याची आणि एस.टी. गाड्या खेळण्यातल्या वाटतात. मोबाइलमधील ‘फिल्टर’ हे काम क्षणात करतो. गंमत खरी, पण तिची चिकित्सा व्हायला हवी.

असे का दिसते? पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग लावा आणि छिद्र एफ/८ ठेवा. साडेदहा मीटरवर फोकस केल्यास सुमारे पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट उमटते. ३० सेंटिमीटरवर फोकस केल्यास स्पष्ट पट्टा उरतो जेमतेम दीड सेंटिमीटरचा. म्हणून खूप धूसरता दिसली की ‘वस्तू जवळ, म्हणजेच लहान’ असा निष्कर्ष मेंदू काढतो.

ऑलिव्हो बार्बिएरी या इटालियन छायाचित्रकाराने २००३ पासून हेलिकॉप्टरमधून, भिंग तिरपे करून, शहरांची अशी चित्रे घेतली. गंमत अशी, की या तिरपेपणाचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या ऑस्ट्रियाच्या शाइम्पफ्लुग यांचे १९०४ चे पेटंट हवाई छायाचित्रांतील विकृती काढण्यासाठी होते!

फिल्टरची चूक मात्र सांगलीत उघडी पडते. काठावरून काढलेले आयर्विन पुलाचे चित्र घ्या. खांबाचा तळ आणि माथा आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. फिल्टरला अंतर कळत नाही, फक्त चित्रातली उंची कळते. तो तळ ठळक ठेवून माथा पुसट करतो. गडावरून दिसणाऱ्या उतरत्या दृश्यात उंचीबरोबर अंतरही वाढते, म्हणून तिथे हीच युक्ती खपून जाते.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुराच्या हवाई चित्रावर हा फिल्टर चढवला, तर बुडालेली घरे खेळणी होतील आणि पाणी बशीतले. चित्रातली एकही वस्तू खोटी नसेल, खोटे असेल ते प्रमाण. विज्ञानात प्रमाण हरवले की पुरावाच हरवतो.

वर्गात करून पाहा : शाळेच्या गच्चीवरून काढलेल्या छायाचित्राच्या वरच्या व खालच्या भागांवर ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या ठेवा. मग मुलांना एकच प्रश्न विचारा : यातले कोणते दोन बिंदू आपल्यापासून सारख्या अंतरावर असूनही एक स्पष्ट आणि दुसरा धूसर आहे? उत्तर सापडले की फसवणूकही सापडते.