यंत्राची निगा आणि कारागिराची प्रतिष्ठा

रॉबर्ट पर्सिग ह्या अमेरिकन लेखकाचा ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. १२१ प्रकाशकांनी नाकारलेला हा ग्रंथ पुढे लक्षावधी वाचकांच्या हाती गेला. आपल्याकडील सुशिक्षितांत त्याची चर्चा झाली ती बहुधा तत्त्वज्ञानापुरतीच. नावातील दुसरा शब्द, म्हणजे मोटारसायकलची निगा, ही केवळ रूपकाची सोय आहे असे समजून वाचक पाने उलटतात. आमच्या मते ग्रंथाचे खरे बळ तेथेच आहे आणि त्याचे वैगुण्यही तेथेच सापडते.

पिता व पुत्र एका जुन्या, दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलीवरून मिनेसोटातून पश्चिमेकडे निघतात. वाटेत निवेदक टॅपेट तपासतो, प्लग काढून पाहतो. प्लगवर काजळी धरलेली असते, कारण उंच प्रदेशातील विरळ हवेत पेट्रोलचे प्रमाण जास्त होते. टॅपेटमधील फट फार कमी राहिली, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्ह जळतो. ती फार वाढली, तर टॅपेट वाजू लागते आणि व्हॉल्व्ह उशिरा व अपुरा उघडतो. म्हणूनच जाणता मिस्त्री आधी व्हॉल्व्ह, मग ठिणगीची वेळ आणि शेवटी कार्ब्युरेटर हा क्रम मोडत नाही. व्हॉल्व्ह गळत असताना जेट बदलून वा हवेचा स्क्रू फिरवून केलेली दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे. कारणापासून कार्याकडे जाणारी ही शिस्त पर्सिगने इतक्या रसाळपणे उलगडली आहे की, तर्कशास्त्राच्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांस तिचा हेवा वाटावा. अडकलेल्या एका स्क्रूची किंमत त्या क्षणी सबंध गाडीइतकी होते, हे त्याचे निरीक्षण तर ज्याने हात काळे केले आहेत त्यासच सुचावे.

तथापि ग्रंथकाराच्या दृष्टीस एक मर्यादा आहे. आरंभीच तो एका गॅरेजातील तरुण मिस्त्र्यांचे चित्र काढतो. रेडिओ मोठ्याने चालू आहे, हातोडी बेपर्वाईने पडते आहे, आणि खरा दोष मात्र एका क्षुल्लक खिळीत असून तो अखेर निवेदकासच सापडतो. त्यांना आस्था नव्हती, हा त्याचा निष्कर्ष खोटा नाही. परंतु मजुरी किती, दिवसाकाठी गाड्या किती, घाई कोणाची, हे प्रश्न तो विचारीतच नाही. उत्तरार्धात एक वृद्ध वेल्डर येतो. साखळीच्या पातळ आवरणावर तो अप्रतिम सांधा घालतो आणि स्तुतीला उत्तर म्हणून आपली एक डॉलर मजुरी तेवढी सांगतो. ग्रंथातील हा अत्यंत हृद्य प्रसंग होय. पण लेखक त्याला नमस्कार करून पुढे निघून जातो. ज्या गुणवत्तेचा शोध चारशे पानांत चालला आहे, ती ज्याच्या हातात मूर्तिमंत आहे, त्याचे मन मात्र आपणांस कळत नाही.

गडचिरोलीहून मुरुमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील धानोऱ्यात हा ग्रंथ वाचला की ही उणीव अधिक बोचते. जंगलातील वस्त्या विरळ, अंतरे लांब. तेथे गाडी ही हौस नव्हे. शिक्षकाची शाळा, आजाऱ्याचा दवाखाना तिच्यावर अवलंबून असतात. बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट थंड असताना, पिस्टन दाबाच्या घावेत वर आणून, मिस्त्री पुशरॉड बोटांनी फिरवून पाहतो. ती मोकळी फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ह्या बोटांतील ज्ञानास पर्सिगच्या ज्ञानाहून कमी का लेखावे? मालक स्वतःसाठी करतो ते चिंतन आणि मिस्त्री दुसऱ्यासाठी करतो ती मजुरी, हा भेद आम्हांस मान्य नाही. दुसऱ्याचा जीव आपल्या कामावर आहे ही जाणीव तर आस्थेची अधिक कठीण कसोटी आहे.

ह्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटांतून कायदा व जंगल समजून घेतले आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ ह्या पुस्तकात श्रम करणारे लोकच अभ्यासक म्हणून उभे राहतात. जी दृष्टी पर्सिगला लाभली नाही, ती येथे आहे.

मराठीत कारखान्याच्या कुशीतून ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली निघाली. तरी यंत्रज्ञाच्या हातांचे मर्म सांगणारे ललित गद्य आपल्याकडे फार थोडे झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. त्याच्याबरोबर कानाने मिश्रण ओळखणारी एक विद्याही ओसरत आहे. ती पुस्तकात उतरावयाची असेल, तर लेखकाने मिस्त्र्याजवळ गिऱ्हाईक म्हणून नव्हे, शिष्य म्हणून बसावे लागेल. पर्सिगचा ग्रंथ अवश्य वाचावा. पण त्या वेल्डरचा ग्रंथ अद्याप लिहावयाचा राहिला आहे, हे विसरू नये.