अजय-अतुल आणि आमचं निष्क्रिय खातं

सलग दोन वर्षं खातेदाराने पैसे टाकले नाहीत की काढले नाहीत, तर बँक त्याच्या बचत खात्यावर 'निष्क्रिय' असा शेरा मारते. खातं बंद होत नाही. शिल्लक असते, व्याजही पडत राहतं. फक्त माणूस फिरकत नाही. माझं आणि अजय-अतुल या बंधुद्वयाचं सध्या असंच चाललं आहे.

एके काळी हे खातं भलतंच चालतं होतं. १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' आला आणि मौद्यात रिंगटोन म्हणून दोनच गाणी उरली. त्यातलं 'वाजले की बारा' काउंटरसमोर भर सकाळी साडेदहाला वाजायचं आणि रांगेतले लोक घड्याळाकडे बघायचे. 'जोगवा'च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा तर, घरातल्या कुणाला प्रमोशन मिळावं तसे मी शाखेत पेढे वाटले.

आता तक्रार. 'पूर्वीसारखं राहिलं नाही' एवढं म्हणायला अक्कल लागत नाही; पावती दाखवावी लागते. 'वाजले की बारा' आणि २०२२ च्या 'चंद्रमुखी'तली 'चंद्रा' या दोन लावण्या शेजारी ठेवा. गीतकार तेच, गुरू ठाकूर. पडद्यावर नाचणारी तीच, अमृता खानविलकर. बदलली ती गायिका : तेव्हा बेला शेंडे, आता श्रेया घोषाल. असा जुळलेला ताळेबंद मार्चअखेरीलासुद्धा मिळत नाही.

पहिलीत एक बाई, रात्र चढली, आता निघते, असं सांगते आहे. आणि तिला निघायचं नाही हे ढोलकीला पक्कं ठाऊक आहे. ढोलकी तिला अडवते, सोडते, पुन्हा अडवते. दोघींच्या मध्ये जागा आहे. त्या जागेत आपण बसतो. आमच्याकडच्या खडी गंमतीत हेच असतं. लुगडं नेसलेला गडी, ओठावर ताज्या भादरलेल्या मिशीची निळसर खूण, मागे ढोलकी नि तुणतुणं. ढोलकीवाला थांबला की अख्खा मंडप थांबतो. 'नटरंग' ही आनंद यादवांच्या कादंबरीवरची, पहिलवानी गड्याने नाच्या होण्याची गोष्ट. ती आम्हाला परकी वाटलीच नाही.

'चंद्रा'तही ढोलकी आहे, चांगली कडक आहे. गायिकेचा सूर तर तिजोरीसारखा, दोन किल्ल्या लावल्याशिवाय हलायचा नाही. माझं दुखणं नेमकं तेच. कुठे काही हलतच नाही. सगळं इतकं भरगच्च, की ऐकणाऱ्याने उभं कुठे राहावं? त्यापेक्षा एक तारखेची पेन्शनची रांग बरी.

आमचा शिपाई म्हणतो, "काही नाही साहेब, तुमचं वय होऊन राहिलं बाप्पा!" होऊन राहिलं, कबूल. पण वयाचाच दोष असता तर 'जोगवा'तलं 'जीव रंगला'ही थंड लागायला हवं होतं. परवा लावून पाहिलं. गाणं थंड झालं नाही, हातातला चहा झाला. त्यात हरिहरनसोबत श्रेया घोषालच आहे, म्हणजे गायिकेवरही ठपका नाही.

वाद्यवृंदावरही नाही. २०१६ च्या 'सैराट'साठी या दोघांनी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत सिम्फनीचा ताफा बसवला, आणि 'याड लागलं'मधली ती सारी व्हायोलिनं एका मासेमाराच्या पोराच्या छातीत मावली. त्याला जग खरोखरच तेवढं मोठं झालं होतं. अडचण अशी, की पुढे ज्याच्या त्याच्या छातीत तेवढीच व्हायोलिनं भरली गेली.

शिवाय नूतनीकरणाची खोड. 'जत्रा'मधली 'कोंबडी पळाली' २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाली; 'झिंगाट' २०१८ च्या 'धडक'मध्ये हिंदीत गेलं. मुदत ठेव पिकली की तिथेच पुन्हा गुंतवा, हा सल्ला मीही रोज देतो. पण त्यावर पेढे कोणी वाटत नाही.

२०२२ चा 'झुंड' तर आमच्या नागपूरचा. मैदान आमचं, पोरांची बोली आमची. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत डीजेने त्यातलं 'लफडा झाला' लावलं, भंडारा रोडवर ट्रक खोळंबले, आणि मीही चार पावलं टाकली. पायांची सही अजून जुळते. तेवढ्यात पुढचं गाणं लागलं. पोरं म्हणाली, हेही त्यांचंच आहे, काका. मी शेवटपर्यंत ऐकलं, पण मला काही ओळख पटली नाही. मग मी पंगतीकडे वळलो.