फाल्गुनरावाचा शक

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' हौशी मंडळी वारंवार का करायला घेतात, हे उघड आहे. विनोद आयता आहे, पदे लोकांच्या ओठांवर आहेत आणि राजवाडे-सिंहासने लागत नाहीत. पण हे नाटक दिसते तितके सोपे नाही. चिंचवडला एका हौशी संस्थेचा प्रयोग पाहताना हे आम्हाला पदोपदी जाणवले. कलावंतांपैकी बरेचसे चाकण-भोसरीच्या कारखान्यांतले नोकरदार. पाळ्या सांभाळून त्यांनी तालमी केल्या. त्यांच्या मेहनतीला आमचा सलाम. मात्र सलाम करून समीक्षा संपत नाही.

मूळ कथा मोलिएरची, १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनातली. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये ती इंग्रजीत आणली आणि देवलांनी तिचे आधी गद्य नाटक केले, मग त्यात पदे घातली. १९१६ साली देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांनी गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणले. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीकडून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळताना नवरा तिला पाहतो. एवढ्या भांडवलावर चार माणसे एकमेकांवर संशय घेत रात्र काढतात. तसबीर हा शब्दही मराठीत अरबी-फारसीतून आलेला; आमच्या वर्गातली मुले त्याला तस्वीर म्हणतात.

फाल्गुनराव करणाऱ्या नटाने पहिल्या प्रवेशापासून डोळे फिरवले, मिशा पिळल्या, चाल वाकडी केली. पहिली पाच मिनिटे सभागृह हसले, नंतर हसू आटले. हे होणारच होते. फाल्गुनराव वेडगळ नाही. चार लोकांत वावरणारा, हिशेबी गृहस्थ आहे. त्याच्याजवळ प्रत्येक वेळी पुरावा असतो. तसबीर खरी, बायकोच्या हातात ती दिसली हेही खरे. चुकतो तो निष्कर्षात. गणपतराव बोडसांची ही भूमिका इतकी गाजली, की आजही फाल्गुनराव म्हटले की जाणकार त्यांचे नाव काढतात. आधीच मूर्ख ठरवलेल्या माणसाच्या संशयाला हसायला काही लागत नाही, आणि तो संशय आपलाही असू शकतो ही धास्ती मग प्रेक्षकाला शिवत नाही.

आमच्या वस्त्यांत हा विषय दूरचा नाही. मोबाईलमधला एखादा फोटो, एखादा अनोळखी नंबर, आणि बाई माहेरी. अशा घरांतली मुले आमच्या वर्गात बसतात. गृहपाठ का झाला नाही, हे त्यांना विचारवत नाही. त्यांच्या बापांपैकी कुणीही विदूषक नाही. सगळे शहाणे, कमावते, पुरावा दाखवणारे. देवलांनी संशयाचा हक्क नवऱ्याला आणि बायकोला सारखाच दिला, दोघांचीही सारखीच फजिती केली. आजही आम्हाला हे मोठे धाडस वाटते.

कृत्तिका करणाऱ्या बाईंना हे उमगले होते. त्यांनी तसबीर उचलली, पदराने पुसली, आधी चौकट पाहिली आणि मग चेहरा. चेहऱ्यावर नजर जरा जास्त थांबली. एवढेच. साऱ्या प्रयोगातले सर्वात मोठे हसू तिथे आले, आणि त्या स्वतः हसल्या नाहीत.

गाण्याबद्दल. अश्विनशेठचा गळा तयार आहे, पण त्यांनी पदाची मैफल केली. तानेवर तान, त्यावर वन्समोअर, आणि भादव्या बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा! विनोदी नाटकात पद तापलेल्या तव्यावरची भाकरी आहे, वेळेवर उतरवावी. रेवतीने पदे आटोपशीर म्हटली, शब्द स्पष्ट ठेवले. म्हणून तिची पदे संवादात मिसळली. रेवती नायकिणीची मुलगी आहे, हा भाग मात्र संस्थेने सभ्यतेपोटी जवळजवळ पुसला. मग अश्विनशेठला तिचा संशय इतक्या लवकर का येतो, हेच कळेनासे होते. त्याचा अर्धा संशय समाजाने आधीच तयार करून ठेवलेला असतो, तो दाखवायला नको?

प्रेक्षकांत आपली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. संगीत नाटक आपले नव्हे, असा आपल्यात समज आहे. 'कट्यार काळजात घुसली'चा २०१५ सालचा चित्रपट मात्र आवडीने पाहिला गेला, कारण त्यात खाँसाहेब दिसतात. पण गंधर्व मंडळीत पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष. भास्करबुवा बखले नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्याकडे शिकले. अब्दुल करीमखाँची मुलगी हिराबाई बडोदेकर स्वतः रंगमंचावर उभी राहिली. पात्रांच्या यादीत खाँसाहेब नसला, तरी सुरांत तो बसलेलाच असतो.

मंडळी पुन्हा प्रयोग करणार आहेत असे कळते. आम्ही आमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना घेऊन जाऊ. फाल्गुनरावांनी तेवढ्या मिशा घरी ठेवून याव्यात.