१ जूनचे लोक आणि आपला डेट पिकर

आज एका छोट्या वस्तूबद्दल बोलायचं आहे. वेब फॉर्ममधल्या चौकटीवर क्लिक केलं की इवलंसं कॅलेंडर उघडतं ना, तो डेट पिकर. एकदा लिहायचा आणि मग नोंदणी, आरक्षण, रजेचा अर्ज, सगळीकडे तोच लावायचा, असा आपला शिरस्ता. मीही असा एक लिहिला होता. टीका करायची तर घरापासूनच करू.

आपल्याकडे किती जणांची जन्मतारीख १ जून असते, तुम्हाला माहीतच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. (हशा) तर माझ्या पिकरमध्ये १ जून १९५२ निवडलं की सर्व्हरवर ३१ मे १९५२ जमा व्हायचं. पडद्यावर मात्र १ जूनच दिसायचं. अर्जदार बरोबर, त्याची कागदपत्रं बरोबर, आणि अर्ज परत : जन्मतारीख जुळत नाही.

असं का झालं? माझा पिकर बाहेर द्यायचा ती जावास्क्रिप्टची डेट. ही डेट नावालाच तारीख. तिच्या पोटात असतो एक आकडा : १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले मिलिसेकंद. म्हणजे तो एक क्षण झाला. आणि १ जूनची आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा. टू-आयएसओ-स्ट्रिंग केलं, पहिली दहा अक्षरं कापून घेतली, की गेला एक दिवस. न्यूयॉर्कमध्ये बसून हेच तपासलं तर सगळं ठीक दिसतं, कारण तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच तारखेची पहाट असते.

मग मी काय केलं? अनेक जण करतात तेच. साडेपाच तास मिळवले. १९५२ वाले सुटले, पण १९४४ वाले अडकले! सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात इथली घड्याळं एक तास पुढे केलेली होती, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. आजच्या ब्राउझरला हा इतिहास ठाऊक असतो. मला नव्हता. साडेपाचच मिळवल्यावर त्यांची मध्यरात्र होते आदल्या रात्रीचे अकरा. माझ्या दुरुस्तीनं नेमके ऐंशीच्या घरातले लोक बाहेर ठेवले.

जन्मतारीख विचारली की माणूस वर्ष, महिना, दिवस सांगतो. वेळ तो सांगतच नाही; ती पिकरनं पदरची घातली. हा माझा मुख्य आक्षेप.

दुसरा आक्षेप पुनर्वापराचा. पुढच्या शुक्रवारची गाडी बघायची तर कॅलेंडर हवंच, वार दिसायला हवा. पण स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठ असते. तिथे चालू महिना उघडून देणं म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजींना मागच्या बाणावर ९६० वेळा क्लिक करायला सांगणं. जेक्वेरी यूआयच्या डेटपिकरमध्ये वर्ष निवडायची यादी मुळात बंदच असते, आणि चालू केली तरी दहा वर्षं मागे, दहा पुढे. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये जन्मतारखेसाठी साध्या तीन चौकटी आहेत : दिवस, महिना, वर्ष. दिसायला ओबडधोबड, पण मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

ब्राउझरची स्वतःची इनपुट टाइप डेट आहेच. तिची किंमत वर्ष-महिना-दिवस अशी साधी अक्षरं असते, पडद्यावर ती कशीही दिसो. मॅकवरच्या सफारीत ती २०२१ मध्ये आली, त्यामुळे आधीच्या लोकांनी आपापले पिकर लिहिले, त्यांना दोष देणार नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग स्वतःचा पिकर लिहूच नये का?)

लिहा की. आरक्षणासाठी लिहा, परतीची तारीख जाण्याच्या आधीची निवडता येऊ नये म्हणून लिहा. फक्त त्यातून डेट बाहेर देऊ नका, अक्षरं द्या. बाणांच्या कळांनी दिवस आणि पेज अपनं महिना बदलतोय ना, ते माउस बाजूला ठेवून पाहा. आणि तपासणीच्या यादीत १ जून १९४४ घाला. पुढचा प्रश्न?